लोकरीची वेणी

यामिनी दातारच्या बाहुल्यांना केस नसत.

बाकी सगळं असे. अपरं नाक असे, गालाला खळी असे, कानाच्या पाळ्यासुद्धा असत. डोकं मात्र तुळतुळीत, आणि त्यावर घट्ट बांधलेला रुमाल. बालीगंजच्या आसपास जी पंधरा-वीस मराठी घरं आहेत, बँकवाल्यांची, सरकारी कंपन्यांतल्या साहेबांची, अलीकडे आयटीतल्या पोरांची, त्या प्रत्येक घरात यामिनीच्या हातची एखादी तरी लोकरीची वस्तू सापडेल. संक्रांतीला ती वाण लुटायची तेही लोकरीचंच. चिमण्या, कानातले, पर्सला लावायची फुलं. बायका झडप घालून उचलायच्या. बाहुलीपाशी मात्र हात थबकायचा. "यामिनीताई, हिची काय मुंज केलीत का हो?" असं एकदा कुणीतरी विचारलं आणि खोलीभर हशा पिकला. यामिनीही हसली. हसत हसत तिने त्या बाईच्या हातात चिमणी ठेवली आणि बाहुली परत पिशवीत टाकली.

कला तशी साधी. टाके नाहीत, धागा नाही, सुईत दोरा ओवायचीही कटकट नाही. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका घ्यायचा आणि बारीक काटे असलेली सुई त्यात खुपसत राहायची. दर वेळी तंतू एकमेकांत अडकतात, पुंजका घट्ट होत जातो, लोकर जमते. दुसरी तऱ्हा म्हणजे गरम पाणी आणि साबण घेऊन तीच लोकर तळहातांत वळत बसायचं. विणकाम चुकलं तर उसवता येतं. इथे एकदा जमली की जमली, मग देवाच्या बापालाही सुटायची नाही. यामिनीचे यजमान श्यामसुंदर याला "हिचं पिंजारीकाम" म्हणत. "आमच्या आजोळी असलं बुरणूस असायचं. पांघरलं की रात्रभर टोचायचं," हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

बाहुल्यांना केस का नाहीत, हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही कधी विचारलं नाही. ते समजायचं तर चौदा वर्षं मागे जायला हवं. आणि गोष्टीची सुरुवात गमतीची आहे, हेही आधीच सांगितलेलं बरं.

दातार कोलकात्याला आले ते बदलीवर. श्यामसुंदर सरकारी कंपनीत, ऑफिस एस्प्लनेडला. मुलगी चैत्राली दहा वर्षांची. बालीगंजमधल्या एका जुन्या तिमजली घराचा मधला मजला त्यांना भाड्याने मिळाला. चैत्राली दोन महिन्यांत शाळेतल्या मुलींशी बंगालीत भांडायला लागली. यामिनीला मात्र ती भाषा काही केल्या वळेना. ती हिंदीवर भागवी, आणि हिंदी अडली की मध्ये मराठी शब्द घुसवून पुढे जाई.

रोज दुपारी अडीच-तीनच्या सुमारास गल्लीतून एक माणूस ओरडत जायचा. खांद्यावर पोतं, हातात स्टीलच्या वाट्या-ताटल्यांची चळत. "चुल आछेऽ? चुल!" यामिनीने पहिल्याच आठवड्यात अर्थ लावून टाकला. हा जुन्या चुली घेतो आणि बदल्यात भांडी देतो. त्यात विचारायचं काय? मराठी माणसाला चूल म्हणजे चूल. आणि मागच्या गॅलरीत आधीच्या भाडेकरूंनी टाकून दिलेली एक होतीच, पत्र्याच्या बादलीला आतून माती लिंपलेली, कोळशाची.

"शेफाली, वो चूलवाला आएगा ना, उसको चूल दे देना," ती घरकामाच्या बाईला बजावायची.

"आच्छा, बोउदी," शेफाली मान डोलवायची. बोउदी म्हणजे वहिनी, एवढं बंगाली यामिनीला कळायचं. आणि चूल आपली तिथल्या तिथेच.

यामिनी चरफडायची. पण शेफालीचा तरी काय दोष? बंगालीत चुल म्हणजे केस. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला थोडाच कळतो. तो माणूस विंचरून निघालेले केस गोळा करत गल्लीबोळांतून हिंडायचा. पुढे त्यांचे टोप होतात म्हणे. शेफाली बिचारी इमानेइतबारे फणीतले, न्हाणीघराच्या जाळीतले केस एका पिशवीत साठवत होती. बोउदीला एवढी हौस आहे तर असू दे, असं तिला वाटत असणार.

इथपर्यंत हसून घ्यावं.

दुसऱ्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीत चैत्रालीला ताप आला तो उतरेचना. मग दात घासताना रक्त, मग मांड्यांवर काळेनिळे डाग, मग तपासण्या. रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधांनी केस जातील, आधीच कापून टाका, पोरीला कमी जाचेल. चैत्रालीची वेणी कमरेपर्यंत होती आणि ती रोज शेफाली घालायची. चैत्राली म्हणाली, कापायची ती शेफालीमासीनेच. आणि अशी तशी नाही. वेणी सबंध कापायची, दोन्ही टोकांना रबर लावून ठेवून द्यायची.

"नवे केस आले की शेजारी धरून बघायचं," ती म्हणाली. "माझेच आलेत का दुसऱ्या कुणाचे."

हॉस्पिटलात भरती व्हायच्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीत शेफाली कात्री घेऊन बसली. यामिनीच्याने ते बघवणार नव्हतं. ती आतल्या खोलीत भरलेली बॅग उपसून पुन्हा भरत राहिली. घर सोडताना बाईच्या डोक्यात काय असतं? गॅस बंद केला का, नळ नीट बंद आहे ना, दूधवाल्याला सांगितलं का. तेवढ्यात गल्लीतून नेहमीची आरोळी आली. चैत्राली डोक्याला टॉवेल गुंडाळून न्हाणीघरात आरशापुढे गेली होती. दाराशी येऊन शेफालीने विचारलं, "बोउदी, चुलटा की कोरबो? रेखे देबो?" चुलचं काय करू, ठेवून देऊ, एवढंच.

"रखना नहीं है!" यामिनी बॅगेतून मान वर न करता खेकसली. "चूलवाले को दे दो. कितनी बार बोला!"

शेफालीने पुन्हा विचारलं, "देबो?"

"हां, दे दो. अभी के अभी."

आईचं काळीज आहे, डोळ्यांसमोर नको असेल, असं समजून शेफाली जिना उतरली.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर चैत्रालीने पहिला प्रश्न विचारला तो हाच. "आई, वेणी ठेवलीस ना?"

"ठेवलीय," यामिनी म्हणाली. शेफालीने ठेवली असेल, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

"कुठे?"

"कपाटात. माझ्या पैठणीत गुंडाळून."

तिसऱ्या दिवशी ती कपडे न्यायला घरी आली आणि म्हणाली, शेफाली, ती वेणी दे, खरंच पैठणीत गुंडाळते. शेफालीने फळीवरच्या नव्या कोऱ्या स्टीलच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. "ओई तो, चुल दिये पेलाम." चुल देऊन तो मिळाला होता. मागच्या गॅलरीत चूल जशीच्या तशी होती. वर्षभरात जो शब्द कळला नव्हता तो यामिनीला त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या कळला. ती तशीच गल्लीत धावली. चार दिवस ती दुपारची घरी येऊन त्या माणसाची वाट पाहत होती. तो भेटला तेव्हा म्हणाला, पोतं कधीच मेदिनीपूरला गेलं, आता कुणाचे केस कुठले कोण सांगणार?

पुढचे चार महिने चैत्राली रोज एकदा तरी विचारायची. "ठेवलीस ना गं?" आणि यामिनी रोज सांगायची, "ठेवलीय." एकदा सांगून टाकावं, असं तिला शंभर वेळा वाटलं असेल. पण सुया टोचून हात चाळण झालेल्या पोरीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी शेवटी चैत्रालीचा आवाज अगदी लहान झाला होता. "घरी गेल्यावर दाखव हं," ती म्हणाली. सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतरची गोष्ट. नातेवाईक परतले होते, श्यामसुंदर ऑफिसला गेले होते. दुपारी गल्लीतून आरोळी आली, "चुल आछेऽ?" यामिनीने मान वर केली तर पुढच्या खोलीच्या दारात चैत्राली उभी. डोक्याला टॉवेल, एक हात चौकटीवर. ओठ घट्ट मिटून नुसती आईकडे बघत राहिली.

"ठेवलीय," यामिनी म्हणाली. तेव्हा ती वळली आणि गेली.

मग ती रोज यायला लागली. त्याला भूत म्हणा, भास म्हणा. यामिनीने काहीच म्हटलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. तिला मुलीची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती त्या बघण्याची. दुपारचे दोन वाजले की ती दाराकडे पाठ करून बसायची, आणि एखाद्या दिवशी चैत्रालीला यायला उशीर झाला तर उठून जिन्यापर्यंत बघून यायची. श्यामसुंदरांची बदली नागपूरला झाली, यामिनी जाईना. ते निवृत्त झाले, तरी ती कोलकाता सोडेना. त्यांनी कारण विचारलं नाही. एका खाजगी फर्ममध्ये काम धरलं आणि राहिले. घरात चैत्रालीचं नाव दोघंही काढत नसत.

लोकरीचं काम तिला अनुजाने शिकवलं. अनुजाचा नवरा फौजेत, पोस्टिंग फोर्ट विल्यमला. त्याआधी डोंगराळ मुलुखात असताना ती तिथल्या बायकांकडून हे शिकली होती. मराठी मंडळींच्या एका जेवणाला तिने यामिनीचा चेहरा पाहिला आणि आपणहून घरी आली. मन रमेल, एवढाच तिचा हेतू. पहिल्याच दिवशी तिने साबणाच्या पाण्यात काळी लोकर तळहातांत वळून दाखवली आणि त्या मऊ पुंजक्याचा बघता बघता लांब, गोल, घट्ट पेड झाला. यामिनी त्या पेडाकडे बघतच राहिली. असे तीन झाले की वेणी होते.

त्या दिवसापासून लोकांच्या लेखी तिला छंद लागला. चिमण्या आणि फुलं हा नुसता हात बसवायचा उद्योग होता. तिला करायची होती ती वेणी. एकदा ती चैतूच्या हातात ठेवली की पोरीचं येणं-विचारणं संपेल, तिच्या जिवाला स्वस्थता मिळेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं. ती हिवाळ्यात डोंगरातून येणाऱ्या भुतिया लोकांच्या स्वेटरच्या दुकानांतून लोकर मागून आणी. याकचे केस मागवले, चहाच्या पाण्यात रंगवून बघितलं, मेंदीत भिजवून बघितलं. कधी फार काळी, कधी फार मऊ, कधी नुसती दोरी. बिघडलेल्या पेडांनी एक ट्रंक भरली. आणि बाहुल्यांच्या डोक्यावर चुकीचे केस लावायला तिचा हात धजेना, म्हणून त्या तशाच राहिल्या. अनुजाची बदली झाली, ती गेली, पण लोकर पाठवत राहिली.

या वर्षी पूजेनंतर घरमालक वर आले. घर प्रोमोटरला, म्हणजे बिल्डरला दिलंय, म्हणाले. पौषअखेर सोडा, मग पाडापाडी सुरू. श्यामसुंदरांनी पुण्याला फ्लॅट बघून ठेवलाच होता. ते खोकी आणायला लागले. यामिनीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. घर पाडणार म्हणजे ते दारही पाडणार. मग ही उभी कुठे राहणार? कुणाला विचारणार? जायच्या आत वेणी द्यायलाच हवी होती.

अनुजाचं शेवटचं पार्सल आलं त्यात कुठल्याशा डोंगरी मेंढीची न रंगवलेली लोकर होती, काळसर तपकिरी. उजेडात धरली की तिच्यावर तांबूस झाक दिसे. चैतूच्या केसांवर दिसायची तीच. यामिनीने स्टीलचा तो वाडगा काढला. त्यातून तिने कधी कुणाला जेवू घातलं नव्हतं, लोकरीच्या पाण्यालाच तो ठेवला होता. तीन दिवस ती पेड वळत होती. बोटांची सालं निघाली. चौथ्या दिवशी सकाळी तिने तीन पेडांची वेणी घातली, दोन्ही टोकांना रबर लावलं आणि हातावर तोलून पाहिली. वजनसुद्धा तेच होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

दुपारी ती वेणी मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसली. श्यामसुंदर आतल्या खोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. कात्री मागायला म्हणून ते बाहेर आले, त्यांचं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही कुठे मिळाली?"

"मिळाली नाही. केली."

ते जवळच्या खोक्यावरच बसले. खोकं चेपलं, तरी उठले नाहीत. "म्हणजे तुला कळलं तर," ते म्हणाले. "कुणी सांगितलं? शेफालीने?"

"काय कळलं?" यामिनी म्हणाली. "अहो, तुम्हाला वेणीचं काय ठाऊक?"

श्यामसुंदरांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता.

"दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात शेफाली डबा घेऊन आली आणि चैतूला वेणीचं सांगून बसली. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. ती गेल्यावर मी आत आलो, तर ही तोंडावर उशी दाबून हसतेय. मला वाटलं, रडते. 'बाबा,' म्हणाली, 'आईला चुल म्हणजे चूल वाटली! तिने माझी वेणी चूल म्हणून देऊन टाकली!' हसून हसून तिला धाप लागली. मी म्हटलं, आईला सांगतो, ती उगाच जिवाला लावून घेत असेल. तर नको म्हणाली. 'ती आपणहून सांगेल. मी रोज विचारणार. आज ना उद्या सांगेलच. तिने सांगितलं की मी एकदम हसणार आहे. तोपर्यंत तू हसायचं नाहीस आणि सांगायचंही नाहीस.' गळ्याची शपथ घातली मला."

"मग?" यामिनीने विचारलं.

"मग काय. तू सांगितलंच नाहीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं यामिनीला वाटलं.

"आणि नंतर तरी का नाही बोललात? बारा वर्षं!"

"शपथ सोडवायची कुणाकडून?" श्यामसुंदर म्हणाले.

यामिनीला तो चेहरा आठवला. खाटेवरचा, आणि दारातलाही. ओठ घट्ट मिटून बघणारी ती पोर जाब विचारत नव्हती. हसू दाबून बसली होती. आईने खरं बोलायची ती वाट बघत होती, आणि आई रोज तिला पैठणीची गोष्ट सांगत होती. एवढं दुःख यामिनीला मुलगी गेली त्या दिवशीही झालं नव्हतं. तेव्हा काही हातात तरी नव्हतं. हे एका वाक्याचं काम होतं, आणि ते तिने चार महिने केलं नव्हतं, त्यानंतरही रोज दुपारी केलं नव्हतं.

खालून आरोळी आली. हल्ली तो माणूस सायकलला भोंगा लावून येतो, आवाज रेकॉर्ड केलेला असतो. यामिनीने दाराकडे पाहिलं. चैत्राली उभी होती. टॉवेल, चौकटीवर हात, मिटलेले ओठ. मांडीवरची वेणी उचलून पुढे केली असती तर तीही कदाचित तिने घेतली असती.

यामिनीने वेणी खाली ठेवली.

"चैतू," ती म्हणाली, "वेणी नाही गं ठेवली. मीच देऊन टाकायला सांगितली. मला ती चूल वाटली."

तिचं बोलणं पुरं होतंय तोच मागे श्यामसुंदर हसले. आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि मग ते पोट धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी, तोंडाने "चूल, चूल" एवढंच. त्यांना तसं हसताना यामिनीने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिलाही आवरेना. तिने मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि दोघं म्हातारी माणसं त्या खोक्यांच्या पसाऱ्यात बरगड्या दुखेपर्यंत हसली.

तिने डोळे पुसून दाराकडे पाहिलं तेव्हा चौकट रिकामी होती.

"हसली का गं?" श्यामसुंदरांनी विचारलं. कोण, कुठे, असं त्यांनी काहीच विचारलं नाही.

यामिनी दाराकडे बघतच राहिली. "दिसलं नाही हो," ती म्हणाली. "माझे डोळे मिटलेले होते. मी हसत होते."

त्यानंतर नऊ दिवस ते त्या घरात होते. दुपारी भोंगा वाजत गेला की यामिनी हातातलं काम टाकून पुढच्या खोलीत येऊन बसायची. चैत्राली आली नाही. दहाव्या दिवशी सामानाचा ट्रक खाली लागला आणि श्यामसुंदर जिन्यातून हाका मारू लागले. यामिनी रिकाम्या खोलीत दारासमोर उभी राहिली. आपण खरं बोलायलाच नको होतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

"ठेवलीय गं, चैतू," ती मोठ्याने म्हणाली. "कपाटात ठेवलीय. पैठणीत."

खालून पुन्हा हाक आली. कुणी काही विचारत नव्हतं, तरी ती आणखी एकदा म्हणाली, "ठेवलीय," आणि मग जिना उतरली.